विरजणाची मर्यादा आणि पोटाचे स्वास्थ्य

आषाढ वद्यातील एक सकाळ. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एका घराच्या ओट्यावर तीन वस्तू ओळीने मांडलेल्या होत्या. कोंबुचा नावाच्या पेयाची बाटली, किमची नावाच्या आंबवलेल्या भाजीची बरणी आणि प्रोबायोटिक कॅप्सूलची एक डबी. पुण्यास नोकरी करणारा नातू रात्रीच्या गाडीने येताना त्या घेऊन आला होता. कारण असे, की बहात्तर वर्षांच्या आजींना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला होता, त्यासाठी सात दिवसांचे प्रतिजैविक सुरू होते आणि चौथ्या दिवसापासून त्यांना दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौचास होऊ लागले होते. डॉक्टरांनी "दही-ताक भरपूर द्या" असे सांगितले. परंतु आजींनी चातुर्मासासाठी दह्याचा त्याग केलेला, आणि सूर्यास्तानंतर चौविहार.

नातवाने समजूत घालण्याचा प्रयत्न केला. "आजी, यांत चांगले जिवाणू असतात. औषधाने पोटातले मेलेत, ते हे भरून काढतील."

आजी म्हणाल्या, "चांगले असोत की वाईट, जीव तो जीवच ना रे?"

सूनबाई मध्ये उभ्या. एकीकडे सासूबाईंची प्रकृती, दुसरीकडे त्यांचा नियम, आणि समोर तीन अनोळखी वस्तू. असा प्रसंग आज केवळ याच घरात येतो असे नाही. 'पोटातील जिवाणू' हा विषय वर्तमानपत्रांतून, डॉक्टरांच्या तोंडून आणि दुकानांच्या फळ्यांवरून घराघरांत शिरला आहे, आणि जैन स्वयंपाकघराला त्याचे उत्तर शोधताना इतरांपेक्षा दोन गोष्टी अधिक पाहाव्या लागतात. म्हणून हा विषय मुळापासून पाहणे इष्ट ठरेल.

मनुष्याच्या मोठ्या आतड्यात जिवाणूंची प्रचंड वस्ती असते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर मोजणीनुसार सरासरी प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात. शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे 30 लाख कोटी. एवढी संख्या असूनही या सर्वांचे एकत्रित वजन पाव किलोपेक्षाही कमी भरते. आपल्याला पचत नाही असा अन्नातील चोथा हे जिवाणू आंबवितात आणि त्यापासून काही लहान आम्ले तयार करतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य अन्न होय. याशिवाय ही वस्ती जागा अडवून बसलेली असल्यामुळे बाहेरून आलेल्या रोगजंतूंना सहजासहजी पाय रोवता येत नाहीत. प्रतिजैविक औषध मूत्रमार्गातील जंतू मारते, तेव्हा या वस्तीतील पुष्कळांचाही नाश होतो. शत्रू-मित्र ओळखण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नसते. औषध चालू असताना जुलाब होतात त्याचे एक प्रमुख कारण हेच.

अन्न आंबवणे ही क्रिया म्हणजे हेच काम आतड्याबाहेर, भांड्यात घडवून आणणे. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, जिवाणू खातात आणि तिचे लॅक्टिक आम्ल करतात. दूध आंबट होते, त्यातील प्रथिन गोठते, दही लागते. प्रौढपणी अनेकांच्या शरीरात लॅक्टोज पचविणारे विकर कमी होते. अशांना पेलाभर दूध घेतले की पोट फुगते, गुरगुरते, पण वाटीभर दही मात्र बाधत नाही. याचे कारण दुहेरी आहे. दह्यात लॅक्टोज थोडे कमी झालेले असते, आणि त्यातील जिवंत जिवाणू स्वतःचे विकर घेऊन आतड्यात उतरतात व उरलेले लॅक्टोज तेथे फोडण्यास मदत करतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2010 साली दह्याविषयीचा हा दावा मान्य केला. आंबवलेल्या अन्नाबद्दलच्या असंख्य दाव्यांपैकी अशी मान्यता मिळालेले दावे फार थोडे आहेत.

दह्याची कीर्ती जगभर पसरविण्याचे श्रेय मात्र एका जीवशास्त्रज्ञाकडे जाते. एली मेचनिकॉफ हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत. रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी त्यांना 1908 चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले. वार्धक्याचे मूळ मोठ्या आतड्यात होणाऱ्या कुजण्यात आहे असे त्यांचे मत होते, आणि बल्गेरियातील शेतकरी आंबट दूध पिऊन दीर्घायुषी होतात या समजावर त्यांनी मोठी भिस्त ठेवली. बल्गेरियन दह्यातील तो दंडाकृती जिवाणू 1905 साली स्टामेन ग्रिगोरॉव या तरुण बल्गेरियन वैद्याने जिनिव्हा येथे ओळखला होता. मेचनिकॉफ स्वतः नित्य आंबट दूध घेत; 1916 साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ते निवर्तले. पुढे संशोधकांना दिसून आले की तो बल्गेरियन जिवाणू मानवी आतड्यात कायमचा वसतच नाही. तो प्रवाशासारखा येतो व पुढे जातो. दह्याचे म्हणून जे काही काम आहे ते या प्रवासातच उरकते, आणि म्हणून ते नित्य घ्यावे लागते. आपल्याकडील घरगुती दह्याचे जिवाणू बल्गेरियन दह्याहून बरेच वेगळे व मिश्र असतात, प्रत्येक घराचे थोडे निराळे. एका घरचे दही घट्ट आणि गोडसर, दुसऱ्याचे पातळ व आंबट लागते त्याचे रहस्य तेथेच आहे.

अलीकडच्या काळात या विषयाला नवे वळण मिळाले ते 2021 साली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 36 निरोगी प्रौढांचे दोन गट केले. एका गटाने दहा आठवडे दही, केफिर, किमची, कोंबुचा असे आंबवलेले पदार्थ वाढवीत नेले. दुसऱ्याने धान्ये, कडधान्ये, भाज्या व फळे यांतील तंतू वाढविले. आंबवलेल्या अन्नाच्या गटात आतड्यातील जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील दाहाशी संबंधित 19 प्रथिनांचे प्रमाण कमी झाले. तंतूंच्या गटात तेवढ्या अवधीत विविधतेत सरसकट वाढ दिसली नाही. या प्रयोगाचा गाजावाजा पुष्कळ झाला, आणि नातवाच्या पिशवीतील बाटली-बरणीपर्यंत तो पोहोचला आहे. परंतु प्रयोग 36 जणांचा, तेही निरोगी. आणि त्यांनी खाल्लेले प्रमाण दिवसाला सरासरी सहा वाढप इतके होते. आजारी वृद्धेस अर्धी बाटली पाजून तेच घडेल असे मानणे हा भाबडेपणा ठरेल.

त्याहून विचारात घेण्यासारखी गोष्ट 2018 सालच्या एका प्रयोगाची. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी प्रतिजैविक घेतलेल्या काही स्वयंसेवकांना अनेक जातींचे मिश्र प्रोबायोटिक दिले, काहींना काहीच दिले नाही. ज्यांनी काहीच घेतले नाही त्यांची मूळ वस्ती अधिक लवकर पूर्वपदावर आली. प्रोबायोटिक घेतलेल्यांत नव्या पाहुण्यांनी जागा व्यापून मूळच्या रहिवाशांचे पुनरागमन लांबविले. हा प्रयोगही लहानच होता, त्यामुळे त्यावरून प्रोबायोटिक वाईट असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. उलट ओडिशातील खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, एक विशिष्ट लॅक्टोबॅसिलस आणि त्याचे खाद्य असे मिश्रण आठवडाभर दिल्याने रक्तातील जंतुसंसर्ग व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. विशिष्ट जिवाणू, विशिष्ट मात्रा, विशिष्ट रुग्ण यांचे गणित जुळले तर लाभ मोठा. 'चांगले जिवाणू' या मोघम शब्दावर विसंबून काहीही पोटात घातले तर लाभ मोघमच.

आता जैन स्वयंपाकघराकडे वळू. आंबवलेल्या अन्नाविषयी जैन परंपरेने जितका बारकाईने विचार केला आहे तितका क्वचितच कोणी केला असेल. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त श्रावकाच्या आहाराचे विवेचन करताना दोन दिवस उलटलेले दही, कच्च्या गोरसाशी मिसळलेले द्विदल धान्य, बुरशीची फुले आलेला भात आणि कुजलेले अन्न वर्ज्य सांगितले आहे. बावीस अभक्ष्यांच्या परंपरागत यादीत मद्य, बोळ अथाणे म्हणजे ओलसर लोणचे, घोलवडा म्हणजे द्विदल, आणि चलित रस म्हणजे ज्याचा वर्ण, गंध, रस बदलला आहे असे अन्न, हे सारे येते. दह्याची मर्यादा श्वेतांबर परंपरेत दोन रात्री उलटण्यापूर्वीची, तर दिगंबर परंपरेत सामान्यतः आठ प्रहरांची, म्हणजे 24 तासांची. गणना कोठून करावयाची याबाबत गुरुपरंपरेप्रमाणे थोडा फरक पडतो. तो आपापल्या महाराजसाहेबांकडून समजून घ्यावा.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या मर्यादा सूक्ष्मदर्शकातून पाहून घातलेल्या नाहीत आणि त्यांचा हेतू आतड्याचे आरोग्य हा नाही. त्यांचा हेतू अहिंसा आहे. मर्यादेनंतर दह्यात द्वींद्रिय जीवांची उत्पत्ती होते ही शास्त्राची भूमिका आहे. विज्ञान तिसऱ्या दिवसाच्या, शीतकपाटात ठेवलेल्या दह्याला अपायकारक म्हणत नाही, आणि ताकात बेसन कालविल्याने पोटाला बाधा होते असेही त्याने सिद्ध केलेले नाही. 'आपल्या पूर्वजांना सारे जंतुशास्त्र ठाऊक होते' असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. व्रताला प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज नसते आणि प्रयोगशाळेलाही व्रताच्या साक्षीची नसते.

तरीही एका ठिकाणी दोन्ही वाटा योगायोगाने जवळून जातात. नुकत्याच लागलेल्या दह्यात जिवंत जिवाणूंची संख्या भरपूर असते. दही जसजसे जुने होते तसतसे आम्ल वाढते, दूध प्रथम आंबविणाऱ्या नाजूक जाती त्या आम्लात मरू लागतात, आणि अधिक दिवस गेल्यास यीस्ट व बुरशी यांना वाव मिळतो. म्हणजे मर्यादेतील ताजे दही खाणारा पोटाच्या लाभाच्या दृष्टीने काहीही गमावीत नाही. आठवडाभर टिकणारा विकतचा डबा त्याच्यापेक्षा सरस आहे असे मानण्याचे कारण नाही.

मग त्या ओट्यावरील वस्तूंचे काय? कोंबुचा म्हणजे गोड चहात जिवाणू व यीस्ट यांचा जाडसर थर सोडून आंबविलेले पेय. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल करते, जिवाणू त्यातील बरेचसे पुढे आम्लात बदलतात. पण थोडे उरतेच. अमेरिकेत 0.5 टक्क्यापर्यंतचे पेय 'बिनमद्य' म्हणून विकता येते, आणि बाटली उबेत राहिल्यास हे प्रमाण वाढू शकते. मद्यत्याग करणाऱ्या घरात या पेयाला जागा नाही. किमचीत कोबीबरोबर लसूण, मुळा, आले असतात आणि पारंपरिक कृतीत मासळीचे पाणीही; बरणीवर हिरवा ठिपका असला तरी लसूण व कंदमुळे त्यात असणारच. शिवाय अशा खारवलेल्या भाज्यांत मीठ फार. आशियातील पारंपरिक पद्धतीच्या खारवलेल्या भाज्यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'कर्करोगास कदाचित कारणीभूत' या वर्गात ठेवले आहे, ही गोष्ट बरणीवर कोणी छापत नाही. नातवाने बरणी उलटी करून बारीक अक्षरे वाचली आणि न बोलता ती पिशवीत परत ठेवली.

इडली-डोशाचे आंबवण, पाव, जिलबी, शिरका यांबाबत घरोघरी निरनिराळे नियम आहेत. आरोग्याच्या दृष्टीने एवढेच सांगता येईल की इडली वाफवल्यावर तिच्यातील जिवाणू जिवंत राहत नाहीत; आंबवण्याने पीठ पचायला हलके होते व फायटेट घटून लोह अधिक मिळते, तो लाभ मात्र उरतो. लिंबाचा रस व खाण्याचा सोडा घालून केलेला झटपट ढोकळा द्विदलाच्या दोषातून सुटतो खरा, पण तो आंबवलेला पदार्थ नव्हे; त्यात फुगवटा आहे, आंबवण नाही.

तेव्हा सर्व चाळून झाल्यावर जैन घरासाठी उरते ते दही आणि ताक, आणि ते थोडे नव्हे. फक्त ते नीट लावले पाहिजे. दूध उकळून कोमट होऊ द्यावे. करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आले, चटका बसला नाही, की ते साधारण 40 अंशांच्या आसपास आले असे समजावे. अर्ध्या लिटरला चमचाभर विरजण पुरे. अधिक घातल्यास दही लवकर लागते पण आंबट व पाणी सुटलेले होते. उन्हाळ्यात पाच-सहा तास, थंडीत दहा-बारा. मर्यादा पाळणाऱ्या घरात सकाळी लवकर तापवून लावलेले दही सायंकाळच्या जेवणास, सूर्यास्तापूर्वी, मिळते व दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत संपविता येते. दिवसाचे कामच असे बसविले की पहाटेच्या प्रहराला आदल्या दिवशीचे दही उरतच नाही.

विरजणाशिवाय दही लावण्याच्या रीती अनेक घरांत आहेत. कोणी चांदीचा रुपया टाकतात, कोणी नारळाच्या करवंटीचा तुकडा, कोणी वाळलेली लाल मिरची देठासह. मिरचीच्या देठावर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू असतात, त्यामुळे ती रीत चांगली चालते. चांदीचा गुण मात्र जिवाणूंना रोखण्याचा आहे; रुपयाने दही लागते तेव्हा त्याचे श्रेय बहुधा भांड्याला चिकटून राहिलेल्या किंवा हवेतून पडलेल्या जिवाणूंकडे जाते. अशा दह्यात कोण वाढेल याची हमी नसते, म्हणून पहिल्या खेपेचे दही पारखून घ्यावे. तार सुटत असेल, बुडबुडे आले असतील, कडवट वास येत असेल, तर ते चलित रस मानून टाकून देणे यात शास्त्र आणि वैद्य दोघांचेही एकमत होईल.

ताकाची थोरवी आयुर्वेदाने गायिली आहे. ग्रहणीच्या विकारात चरकसंहिता ताक श्रेष्ठ मानते आणि रात्री दही खाण्याचा निषेध करते. रात्रिभोजनत्यागी घरास हा दुसरा नियम वेगळा सांगावा लागत नाही. दही घुसळून, लोणी काढून, चौपट पाणी घालून केलेले पातळ ताक, त्यात भाजलेले जिरे, चिमूटभर सैंधव. जेवताना घेण्याची ही रीत वृद्धांनाही झेपते. ताक तापवून, तांदळाचे पीठ लावून केलेली कढी पोटाला सौम्य असते, परंतु उकळल्यावर तिच्यात जिवंत जिवाणू राहत नाहीत हे लक्षात असावे. विकतचे दही घेताना घटकांची यादी वाचावी. काही गोड योगर्टमध्ये घट्टपणासाठी जिलेटिन असते.

आणि ज्यांनी दह्याचाच त्याग केला आहे, विगय सोडली आहे किंवा आयंबिलाची ओळी करीत आहेत, त्यांचे पोट काय निराधार राहते? मुळीच नाही. आंबवण्याचे मोठे भांडे आतड्यातच आहे. त्याला खाद्य पुरविले की पुरे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढास दिवसाला किमान 25 ग्रॅम नैसर्गिक तंतू सुचविते. जगभरच्या सल्ल्यांत यासाठी कांदा, लसूण व कंदांचे नाव आधी येते, म्हणून ते न खाणाऱ्या घराने दुसरीकडून भर घातली पाहिजे. मूग, मटकी, हरभरा, तूर यांतील काही साखरी मनुष्यास पचत नाहीत, पण आतड्यातील हितकर जिवाणूंच्या त्या आवडीच्या आहेत. पोटात वायू धरतो तो त्यांच्याच मेजवानीचा. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालासकट डाळ, कच्च्या केळ्याची भाजी, गवार, पेरू, भिजविलेले इसबगोल हे सारे त्याच कामाचे. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असतात तेव्हा धान्य-कडधान्यांचा वाटा वाढवावा. मैदा, बिस्किटे, तळलेले फरसाण यांवर चातुर्मास काढणारी घरेही कमी नाहीत. व्रत कडक आणि आहार पोकळ, अशी विसंगती तेथे दिसते.

आजींच्या प्रसंगात मात्र यातील काहीही तातडीचे नव्हते. वृद्ध व्यक्तीस जुलाब होत असता पहिला धोका जिवाणू घटण्याचा नसून पाणी व क्षार घटण्याचा असतो. तोंड कोरडे पडणे, लघवी कमी व गडद होणे, उठताना चक्कर येणे, गुंगी येणे ही लक्षणे दिसली की वाट पाहू नये. शौचात रक्त, ताप किंवा पोटात तीव्र वेदना असल्यास तर मुळीच नाही, कारण प्रतिजैविकानंतर आतड्यात वाढणारा एक घातक जंतू वृद्धांत गंभीर आजार करतो. सूनबाईंनी डॉक्टरांना पुन्हा दूरध्वनी केला आणि दोन प्रश्न नेमके विचारले: औषध बदलता येईल का, आणि दही नसेल तर काय? डॉक्टरांनी तपासून औषध बदलले. जलसंजीवनीची पुडी उकळून थार केलेल्या एक लिटर पाण्यात विरघळवून घोटघोट द्यावयास सांगितले, आणि ते पाणी 24 तासांनंतर टाकून द्यावे असेही बजावले. आठ प्रहरांची मर्यादा याही पाण्याला लागू आहे हे ऐकून आजींना गंमत वाटली. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी दही खाणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी: सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा टेट्रासायक्लिन या वर्गातील औषध दूध-दह्याबरोबर घेतल्यास त्यातील कॅल्शियममुळे ते रक्तात नीट उतरत नाही. दोहोंमध्ये किमान दोन तासांचे अंतर हवे.

कॅप्सूलच्या डबीचा प्रश्न वेगळा निघाला. पुष्कळ कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते. वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूल, तसेच पुडी किंवा पिण्याच्या कुपीच्या रूपातील औषधे मिळतात. औषधविक्रेत्यास विचारावे लागते इतकेच. ज्यांची प्रतिकारशक्ती अतिशय क्षीण आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत, शिरेत नळी घातलेली आहे, त्यांनी जिवंत जिवाणूंचे कोणतेही औषध डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. आजींच्या बाबतीत डॉक्टरांनी 'घेतले तर चालेल, न घेतले तरी चालेल' असे सांगितले, आणि आजींनी न घेण्याचे ठरविले.

राहिला चौविहार. दिवसभर जुलाब आणि सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत पाण्याचा थेंब नाही, हे बहात्तर वर्षांच्या देहास झेपणारे नव्हते. उपाश्रयात महासतीजी विराजमान होत्या. सूनबाईंनी सारी हकीकत त्यांना निवेदन केली. पच्चक्खाणात आगार असतात, आजारात समाधी टिकावी यासाठीचा आगार त्यांतच आहे, आणि तो वापरणे म्हणजे नियम मोडणे नव्हे, हे महासतीजींनी आजींना स्वतः समजावून सांगितले. दह्याचा त्याग आजींनी तसाच ठेवला, चौविहाराऐवजी प्रकृती सुधारेपर्यंत तिविहार घेतला, आणि रात्री उशाशी उकळलेल्या पाण्याचा तांब्या ठेवू दिला.

मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, शिजविलेले कच्चे केळे, दुपारी डाळिंबाचे दाणे. चौथ्या दिवशी शौच बांधून होऊ लागले. आठव्या दिवशी आजींनी पुन्हा चौविहाराचे पच्चक्खाण घेतले.

कार्तिकात नातू परत आला तेव्हा आजी स्वतः ओट्यापाशी उभ्या होत्या. पातेल्यात करंगळी बुडवून त्या दहापर्यंत मोजत होत्या, आणि शेजारच्या वाटीत चमचाभर विरजण काढून ठेवलेले होते.